फेब्रुवारीत गुलाब का छाटू नये, आणि मग करावं तरी काय

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडला घर, पश्चिमेला उघडी गच्ची, चाळीसेक कुंड्या, खाली अंगणात एक कागदी लिंबू आणि कढीपत्ता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक व्हिडिओ बघून सगळे गुलाब गुडघ्याएवढे छाटले आणि भरपूर खत घातलं. एप्रिलमध्ये फुलं आली ती बटणाएवढी, आणि मे संपेपर्यंत चार झाडं गेली. यंदा थंडी सरताना नेमकं काय करायचं? घरचं दोन पोती कंपोस्ट तयार आहे, ते आत्ताच घालायचं का? आणि लिंबाला फुलं येतात, पण टिकत का नाहीत?

ताई, गुलाबाचं आधी सांगतो. बाकीचं त्यातूनच उलगडेल.

गुलाब छाटल्यापासून फूल दिसायला साधारण ४५ दिवस लागतात. तुम्ही फेब्रुवारीच्या मध्यावर कात्री चालवलीत, म्हणजे कळ्या आल्या मार्चअखेरीला. तेव्हा पुण्यात दुपारी पारा ३६-३७ च्या पुढे असतो आणि हवा कोरडी. अशा हवेत कळी घाईघाईने उमलते, पाकळ्यांच्या कडा भाजतात आणि फूल बटणाएवढंच राहतं. खरं नुकसान वेगळंच झालं. झाडाने साठवलेलं सगळं कोवळ्या फुटीवर खर्च केलं, खतामुळे ती फूट आणखी लुसलुशीत झाली, आणि नेमकी तीच पानं पाणी सर्वांत जास्त मागतात. कुंडीतली मुळं तापलेली, पाणी पुरवणार कुठून? झाड मेलं मे महिन्यात, पण त्याचं कारण फेब्रुवारीतच घडलं होतं.

आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात करायची. दसरा-दिवाळीच्या आसपास छाटलेला गुलाब थंडीत फुलतो, आणि तीच त्याची खरी वेळ. फेब्रुवारीत सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घ्यायचा तो फक्त तीन कामांसाठी: वाळलेली काडी काढायला, सुकलेलं फूल खालच्या दोन पानांसकट उडवायला, आणि कलमाच्या सांध्याखालून येणारी रानटी फूट मुळापासून काढायला. ही शेवटची फूट कापू नका, ओढून उपटा. कापली की पुन्हा येते.

तो व्हिडिओ चुकीचा नव्हता, तो इथला नव्हता इतकंच. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याची झाडं चार महिने झोपलेली असतात, हिमतुषार एप्रिलअखेरपर्यंत कधीही पडू शकतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी आणि घरात दिव्याखाली बी रुजवणं हे त्याच्यासाठी अगदी बरोबर आहे. त्याच्यापुढे मे-जूनचा मऊ हंगाम असतो. आपलं झाड मुळात झोपलेलंच नसतं, जानेवारीत ते फुलांनी भरलेलं होतं. आणि आपल्या पंचांगातला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, म्हणजे गच्चीवर थेट ३८ अंश. म्हणून इथे वसंताची तयारी म्हणजे उन्हाळ्याची तयारी, आणि ती फांद्यांची नसते, मुळांची असते.

त्यासाठी आपल्या हातात संक्रांतीपासून होळीपर्यंतचे सात-आठ आठवडे असतात. दिवसा तीस-बत्तीस, पहाटे बारा-तेरा अंश. या हवेत मुळं दुखावली तरी पंधरा दिवसांत सावरतात. होळीनंतर कुंडी बदलायची नाही, हा नियम मी स्वतः मोडून शिकलो. एका वर्षी कामाच्या गडबडीत राहून गेलं म्हणून पाडव्याच्या सुट्टीत चौदा कुंड्या बदलल्या. दिसायला सुरेख झाल्या होत्या, पण त्यातली पाच झाडं अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकली नाहीत.

कुंडी बदलायची गरज आहे की नाही हे बघायची एक सोपी खूण आहे. पाणी घातल्यावर ते क्षणभर वर तरंगून मग कडेकडेने सरळ खालून निघून गेलं, आणि दुपारी झाड पुन्हा मान टाकू लागलं, की समजा आत माती उरलेली नाही, नुसती मुळं आहेत. अशी कुंडी आदल्या दिवशी पाणी न देता आडवी करा, काठाला लाकडाने ठोका आणि खोड धरून अलगद ओढा. मागच्या आठवड्यात मी एका मोगऱ्याची बारा इंची कुंडी उघडली. बाहेर आला तो मातीचा गोळा नव्हताच, काथ्याच्या पायपुसण्यासारखं गोल विणलेलं मुळांचं जाळं होतं, कुंडीचा आकार जसाच्या तसा. तळाशी भोकावरची खापर त्या जाळ्यात पूर्ण गुरफटलेली. मधे बोट घातलं तर आत कोरडी ठणठणीत माती, रोज पाणी मिळत असूनही. जुन्या करवती सुरीने तळाचा दोन बोटं जाड थर सरळ कापून टाकला, बाजूंना वरून खाली चार उभे छेद दिले, बोटांनी बाहेरची मुळं मोकळी केली. बघवत नाही, पण मोगऱ्याला चालतं. मुळं जेवढी काढली तेवढ्या अंदाजाने वरच्या फांद्याही कमी केल्या आणि नव्या मातीत त्याच कुंडीत बसवला. मग आठ-दहा दिवस सावलीत.

गुलाबाला मात्र असं वागवू नका. त्याची मुळं न सोडवता, गोळा तसाच एका मापाने मोठ्या कुंडीत सरकवायचा आणि भोवती माती भरायची.

माती कसली? पुण्याच्या आसपास काळी माती फुकट मिळते म्हणून लोक कुंडीत भरतात आणि पस्तावतात. ओली असते तेव्हा ती चिखल, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून पळतं. तांबडी किंवा पोयट्याची माती दोन भाग, कुजलेलं खत एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी दोनदा तरी फेकून द्या, त्यात मीठ असतं. आणि पश्चिमेच्या गच्चीवर कोकोपीटचं प्रमाण याहून वाढवू नका. हलकं पडतं हे खरं, पण एकदा पूर्ण वाळलं की पुन्हा पाणी धरायला नाखूष असतं.

आता तुमची दोन पोती. मूठभर हातात घेऊन दाबा. ऊब लागत नसेल, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येत असेल आणि त्यात कालची भाजी ओळखू येत नसेल, तर ते तयार आहे. आंबूस वास आला तर अजून महिनाभर बाजूला ठेवा. तयार असेल तरी एकाच वेळी सगळं ओतू नका. एक पोतं आत्ता, कुंडीमागे दोन-तीन मुठी, वरची दोन इंच माती खुरप्याने हलवून त्यात मिसळायचं. दुसरं पोतं जूनसाठी झाकून ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर झाडं खरी खादाड होतात. मार्च ते मे खताला सुट्टी. उन्हाळ्यात झाड मलूल दिसलं की माणसाचा हात खताकडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो.

एक सावधगिरी. विकतचं शेणखत घेतलंत तर पाटीत पसरून, चाळूनच घ्या. एकदा ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात ट्रॉलीभर शेणखत आणलं होतं. अर्धकच्चं होतं, पण वास फारसा नव्हता म्हणून वापरलं. दोन महिन्यांत तीन जास्वंदी उभ्या उभ्या वाळल्या. उपटायला गेलो तर झाड हातात आलं, खाली मुळं नव्हतीच. मातीत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या. आपण त्यांना सरसकट हुमणी म्हणतो. तेव्हापासून शेणखत चाळल्याशिवाय माझ्या कुंडीत जात नाही.

मोगऱ्याचा मान फेब्रुवारीत पहिला, कारण छाटणी त्याला आत्ताच हवी असते. त्याचं फूल नव्या फुटीवर येतं आणि ऊन त्याला आवडतं, म्हणजे गुलाबाच्या अगदी उलट. आधी ताण द्यायचा. जानेवारीत दोन-तीन आठवडे पाणी कमी करत न्यायचं. जमिनीतल्या मोगऱ्याचं पूर्ण तोडलं तरी चालतं, कुंडीतल्याला मात्र चार-पाच दिवसांनी पेलाभर द्यायचं, नाहीतर ताण देता देता जायचा. पानं पिवळट, निस्तेज झाली की अर्ध्यावर छाटायचा, उरलेली जुनी पानं हाताने ओरबाडून काढायची, माती उकरून दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं, मग खत घालून भरपूर पाणी. शेजारी विचारतील, झाड मेलं का म्हणून. आठ-दहा दिवसांत प्रत्येक पेऱ्यातून पोपटी डोळे फुटतात. ज्यांचा मोगरा नुसताच वेलासारखा लांबत जातो आणि फुलत नाही, त्यांनी बहुतेक वेळा ही छाटणी केलेली नसते, किंवा झाडाला दिवसभरात पाच-सहा तास ऊनच मिळत नसतं.

जास्वंद एक तृतीयांश कमी करा, आतल्या बाजूला गर्दी करणाऱ्या काड्या काढा. छाटणीहून महत्त्वाचं म्हणजे पेऱ्यांमध्ये कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो का ते बघणं. तो पिठ्या ढेकूण. थंडीत तो गपचूप बसलेला असतो, ऊब आली की महिनाभरात झाड पांढरं करतो. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल तर ढेकूण शोधायची गरजच नाही, आहेतच. मुंग्या त्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्याला राखतात. जास्त भरलेला शेंडा सरळ कापून पिशवीत बंद करून टाका, बाकीचं पाइपच्या जोरदार धारेने धुवा, आणि मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, ते मिसळावं म्हणून चमचाभरापेक्षा कमी भांड्यांचा पातळ साबण. संध्याकाळीच फवारायचं, उन्हात तेलाने पानं करपतात. आठवड्याने पुन्हा, तिसऱ्यांदाही. एका फवारणीत तो जात नाही.

शेवंतीची फुलं संपली असतील तर खोड बुडापासून चार बोटांवर कापा आणि भोवतीचे फुटवे अर्धसावलीत जगवा, पुढच्या दिवाळीची शेवंती तीच. पिटुनिया, डेलिया फुलत असतील तोवर फुलू द्या.

आच्छादनाविषयी मी जरा हट्टी आहे. शिशिरातली पानगळ नेमकी याच दिवसांत होते, रस्त्याच्या कडेला पोती भरतील एवढी पानं पडतात आणि लोक ती पेटवून देतात. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवार या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाच्या माध्यमातून पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश हीच खरी पुंजी असल्याचं कितीतरी लोकांना पटवून दिलं, तरी आपल्या सोसायट्यांत फेब्रुवारीची सकाळ अजून धुराने उजाडते. तुम्ही दोन-चार पोती उचलून आणा. प्रत्येक कुंडीत दोन-तीन इंच थर, खोडापासून बोटभर जागा सोडून. खोडाला चिकटून ठेवलं तर तिथे कुजतं. पानं कमी पडली तर रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं मागा, तो आनंदाने देईल. मात्र आठवडाभर उन्हात खडखडीत वाळवूनच वापरा, नाहीतर गच्चीवर मुंग्यांची यात्रा भरते.

पश्चिमेची गच्ची ही तुमची खरी अडचण आहे. दुपारी दोन ते पाचचं ऊन झाडाला वरून लागतंच, शिवाय तापलेली फरशी खालून आणि भिंत बाजूने भाजते. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर उचला, म्हणजे खालून हवा खेळेल आणि गच्चीत पाणीही मुरणार नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या पश्चिमेच्या कडेला नकोत. एप्रिलच्या दुपारी तिच्या बाजूला हात लावून बघा, आतल्या मुळांचं काय होत असेल ते कळेल. कडेला मोठी, दणकट झाडं लावा, बोगनवेल, अडेनियम, जास्वंद, आणि त्यांच्या सावलीत गुलाब नि बाकीचं नाजूक. झाडं एकमेकांना खेटून ठेवली की दमट हवा टिकते. निम्मं ऊन अडवणारी, पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी होळीपर्यंत बांधायची. खांब, तारा, हूक हे काम मात्र फेब्रुवारीतच उरका, कारण एप्रिलमध्ये गच्चीवर दहा मिनिटंसुद्धा उभं राहवत नाही.

पाणी आत्ताच वाढवू नका. पहाट अजून गार आहे, वरची माती वाळलेली दिसली तरी दोन पेरं खाली ओल असते. बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. फेब्रुवारीत झाडं मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने. एप्रिलमध्ये बारा इंची कुंडी रोज लिटर-दीड लिटर पिईल. तेव्हासाठी ठिबक बसवणार असाल तर तेही आत्ता बसवून चालवून बघा, कोणता ड्रिपर तुंबतो ते थंडीतच कळलेलं बरं.

भाज्यांचं विचारलं नाहीत, पण गच्ची आहे म्हणून सांगतो. टोमॅटोचं रोप आत्ता लावायचा मोह टाळा. ते एप्रिलमध्ये फुलावर येईल आणि पस्तिशीच्या वर तापमान गेलं की फूल फळ न धरताच गळेल. मेथी-पालकही आता फुलावर येऊन कडू होतील. त्यांच्या जागी माठ, तांदळी, अंबाडी. भेंडीची खरी वेळ आली आहे. बी रात्रभर भिजवायचं आणि सरळ मोठ्या कुंडीतच टोचायचं, कारण तिचं सोटमूळ हलवलेलं सोसत नाही. संक्रांतीला लावलेलं बी गार मातीत कुजतं किंवा पंधरा दिवस रुसून बसतं. पहाटेची बोचरी थंडी गेल्यावर लावलं तर पाचव्या-सहाव्या दिवशी वर येतं आणि दीड महिन्यात भाजी मिळते. काकडी, दोडका, दुधी, कारलं हे वेल जाळीच्या मांडवावर चढवा, त्यांची सावली खालच्या कुंड्यांना फुकट मिळते. सुरुवातीला नुसती नरफुलं येऊन गळतात, घाबरू नका. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ असतं. गच्चीवर मधमाश्या कमी येत असतील तर नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाला लावायचा. पण वेळ सांभाळा: काकडी आणि कारल्याचं फूल सकाळी उमलतं, दोडका आणि दुधीचं संध्याकाळी. सकाळी दोडक्यापाशी जाऊन ‘फुलं मिटलेलीच असतात हो’ म्हणणारे मला दरवर्षी भेटतात.

हे सगळं पुण्याच्या हिशोबाने. निफाडकडे थंडी फार खाली उतरते, तिथे भेंडीला आणखी दोन आठवडे थांबा. नागपूरकडे उलट, तिथे उन्हाळा लवकर आणि जहाल, जाळीला होळीची वाट बघू नका. कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी टिकतच नाही, तिथे आच्छादन दुप्पट.

आता लिंबू. लिंबाला वर्षात तीन बहार येतात: जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. तुमचं झाड आत्ता आंबे बहारात आहे. फुलावर असलेल्या लिंबाला छाटायचं नाही, बुंध्याशी खणायचं नाही आणि खत घालायचं नाही. तुमचं एक पोतं कंपोस्ट त्याच्या वाट्याला आत्ता येत नाही. फळ मोहरीएवढं होऊन गळतं ते बहुतेक पाण्याच्या चढउतारामुळे, चार दिवस काही नाही आणि पाचव्या दिवशी पाइप सोडून दिला, असं झालं की झाड पहिल्यांदा फळच टाकतं. ठरलेल्या अंतराने, ठरलेलं पाणी द्या.

आणि पाणी कुठे देता तेही बघा. बहुतेक अंगणांत आळं खोडाला लागून असतं. लिंबाची पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली, बाहेरच्या बाजूला असतात, आणि खोड सतत ओलं राहिलं की त्याला डिंक्या, म्हणजे साल कुजून डिंक गळायचा रोग, धरतो. शेतकरी म्हणून दुहेरी आळं करतात: खोडाभोवती एक छोटा मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर घेराएवढं दुसरं वर्तुळ, आणि पाणी फक्त त्या दोन वर्तुळांच्या मधे. उद्या सकाळी खोडाच्या बुडाशी, मातीच्या लगेच वर, नखाने साल जरा खरवडून बघा. तिथे तपकिरी डिंकाचे थेंब आणि आतून काळपट साल दिसली, तर फळ न टिकण्याचं कारण तिथेच सापडलं. कुजलेली साल चांगल्या लाकडापर्यंत खरवडा, बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि माती खोडापासून मागे ओढा.

कढीपत्त्याचे शेंडे मात्र बिनधास्त खुडा. त्याला फेब्रुवारीतच नवी फूट येते, आणि जेवढे शेंडे माराल तेवढा तो भरगच्च होतो.